चेहरा दिसणारा फोटो

फोटोत चेहरा दिसत नाही, एवढ्यावरून इंद्रभानचं नाव फलकावर यायचं राहिलं.

वाहेदभाईच्या फ्लेक्सच्या दुकानात त्यानं पिशवीतून नऊ फोटो काढून काउंटरवर ओळीनं मांडले होते. नऊही फोटोंत नरसिंह होता. तांबडा अंगरखा, अंबाडीची आयाळ, वटारलेले डोळे, बाहेर आलेली जीभ. कुठं खांब फोडून बाहेर पडताना, कुठं उडी घेताना, कुठं देवळाच्या उंबऱ्यावर बसून मांडीवरच्या राक्षसाचं पोट फाडताना.

वाहेदभाईनं चष्मा कपाळावर चढवला.

"इंद्रभानभाऊ, यात तुमी कोनते?"

"हा काय."

"हा तं देव हाय."

"त्याच्या आतमधी मी."

वाहेदभाईनं फोटो उजेडाकडं धरला, मग उलटा करून पाहिला. मागं स्टुडिओचा शिक्का होता, बाकी काही नव्हतं.

"म्हंजे तुमीच हा, कशावरून?"

इंद्रभान विचारात पडला. एकेचाळीस वर्षं तो नरसिंहाचं सोंग घेत होता, पण हे कोणी विचारलं नव्हतं. "डावा पाय पाहा," तो शेवटी म्हणाला. "उडीत आत वळते. लहानपनी बैलगाडीखाली आला होता."

"पायाचा फोटो कसा लावू, भाऊ? गोकुळशेटनं सांगतलं, चेहरा दिसनारा फोटो पाहिजे."

बोरखुटीला गाव म्हटलं तर तिथल्या लोकांना राग येतो आणि शहर म्हटलं तर बाकीच्यांना हसू. बुलढाण्याकडच्या उंद्रीहून आठ किलोमीटर, एक बँक, एक बाजार, तीन मोबाईलची दुकानं. पण या गावानं कलावंत दिले, असं गोकुळशेटच्या एकदा लक्षात आलं. गोकुळशेट म्हणजे कृषी केंद्राचा मालक आणि नरसिंह जत्रा कमिटीचा अध्यक्ष. त्याच्या लक्षात आलेली गोष्ट सहसा फलकावर जाते. एस.टी. थांब्यावर बारा बाय आठचा फ्लेक्स लागणार होता : 'कलावंतांचं गाव बोरखुटी आपलं स्वागत करीत आहे.'

त्यावर पहिला फोटो हर्षलचा. हर्षलनं एका मालिकेत साडेतीन वर्षं हवालदाराचं काम केलं होतं. 'साहेब, गाडी तयार आहे,' हे त्याचं वाक्य गावात पोरंसोरं म्हणत. दुसरा फोटो करिष्माचा. ती पुण्याला प्रायोगिक नाटकांत काम करायची. मागच्या नाटकात ती पूर्ण दोन तास रंगमंचावर होती, कडुनिंबाचं झाड म्हणून. गावातून दोन जीपा भरून लोक ते पाहायला गेले आणि झाड चांगलं झालं होतं, असं सगळ्यांचं मत पडलं. तिसरे कै. शाहीर कारभारी. त्यांचा फोटोच नव्हता, म्हणून शाळेतल्या ड्रॉइंगच्या मास्तरांनी अंदाजानं चित्र काढलं होतं. चित्र बरंचसं मास्तरांसारखं आलं होतं.

"कारभारीबुवाचा तं फोटोच नाई," इंद्रभान म्हणाला. "त्याहीचं चित्र चालते?"

"चित्रात चेहरा हाय ना, भाऊ," वाहेदभाई म्हणाला. त्याला वाईट वाटत होतं, ते दिसत होतं. त्यानं नऊही फोटो गोळा करून, कडा जुळवून, परत पिशवीत घालून दिले. "चहा पेता?"

इंद्रभाननं चहा घेतला नाही. शेतात धसकटं वेचायची राहिली होती.

तीन एकर रान होतं. पऱ्हाटी, म्हणजे कपाशीची झाडं, उपटून झाली की जमिनीत खुंट राहतात. ते नांगरटीला वर येतात आणि वैशाखाच्या उन्हात वाकून वाकून वेचावे लागतात. इंद्रभान हे काम एकटाच करायचा. मुलगी सुचिता मलकापूरला दिली होती, बायको जयमाला चार वर्षांपूर्वी गेली. धसकटं वेचताना तो दातांत, म्हणजे जिथं दात होते तिथं, सोलाचा एक तुकडा धरून ठेवायचा. बैलगाडीला बांधायचा जाड दोर. बांधावरून जाणाऱ्याला वाटावं, म्हाताऱ्याला कोणी लगाम घातला आहे.

त्याचं कारण सोंगात होतं. नरसिंहाचं सोंग, म्हणजे मुखवटा, पांगाऱ्याच्या लाकडाचं, रेशन दुकानाच्या काट्यावर पावणेपाच किलो भरलेलं. मागून शेल्यानं डोक्याला आवळून बांधायचं. पण उडी घेताना ते हलू नये म्हणून आतल्या बाजूला चामड्याची जाड पट्टी होती. ती दातांत घट्ट धरायची. दोन तास. सोंगाचे वटारलेले डोळे नुसते रंगवलेले, आतल्या माणसाला दिसायचं ते नाकपुड्यांच्या भोकांतून, तेही पायापुढचं हातभर. पट्टी सैल सुटली की भोकं सरकतात आणि देव आंधळा होतो. एकेचाळीस वर्षं पट्टी धरून इंद्रभानचे वरचे सहा दात हलले होते. ते चिखलीला काढून टाकले आणि कवळी बसवली.

मागच्या वर्षी पहिल्याच उडीला कवळी सुटली. ती पट्टीसकट तोंडात फिरली, सोंग वर सरकलं, देवाची हनुवटी आभाळाकडं गेली. इंद्रभान अंदाजानं सहा पावलं नाचत गेला आणि कुल्फीच्या गाडीवर आदळला. कोणीतरी त्याचा व्हिडिओ केला. तो चाळीस हजार लोकांनी पाहिला. एकेचाळीस वर्षांच्या जत्रांना मिळून एवढे लोक आले नव्हते.

म्हणून हा दोर. हिरड्या घट्ट व्हाव्यात म्हणून. होळीच्या पौर्णिमेपासून त्यानं सराव धरला होता, आणि आता कवळीशिवाय नुसत्या हिरड्यांनी दोन पायल्यांची पिशवी उचलता येत होती. हे त्यानं कोणाला सांगितलं नव्हतं. सांगण्यासारखं माणूस घरात नव्हतं. सोंग होतं.

गावची रीत अशी, की जो सोंग घेतो त्याच्याच घरी ते वर्षभर राहतं. पश्चिमेच्या भिंतीला, खुंटीवर. दर अमावस्येला जवसाचं तेल कापसाच्या बोळ्यानं लावायचं, नाहीतर उन्हाळ्यात लाकूड तडकतं. इंद्रभान सोंगाशी बोलायचा असं नाही. पण भाजीत मीठ जास्त झालं की एकदा त्याच्याकडं पाहायचा.

गोकुळशेट घरी आला तेव्हा इंद्रभान अंगणात पाय धूत होता. शेजारची बनाबाई कुडावरून बोलत होती. बनाबाईच्या घराकडं नरसिंहाचे पाय धुण्याचा पहिला मान. खांब फोडून देव उंबऱ्यावर बसला की पाच घरच्या पाच बाया त्याचे पाय दुधापाण्यानं धुतात, मान वर न करता. बनाबाई तीस वर्षं हे करत आली होती.

"भाऊजी, टाचा पाहा तुमच्या," ती म्हणत होती. "भेगांत ज्वारी पेरता येईन. जत्रा आली, कोकम तेल लावा जरासं. मले दरसाली धुवा लागते ते."

"लावतो ना."

"लावतो म्हनता आन तसेच येता. देवाचे पाय हायेत का नांगराचे, समजत नाई मले."

गोकुळशेटला पाहून ती आत गेली. तो बाजेवर बसला, पाणी प्याला, उन्हाबद्दल बोलला. मग म्हणाला, "इंद्रभानभाऊ, यंदा हर्षल येऊन राह्यला जत्रेले."

"येऊ द्या. चांगलं हाय."

"नाई, म्हंजे सोंगबी तोच घेईन. कमिटीचं ठरलं. नुसता नारळ फोडाले कायले बोलवा? कलावंत हाय, कला दाखवन."

इंद्रभाननं तांब्या खाली ठेवला. "त्याले जमन?"

"टीव्हीत काम करते तो!"

इंद्रभाननं पायावरचं पाणी हातानं निपटलं.

"आन तुमचे दात…" गोकुळशेटनं वाक्य तिथंच सोडलं. "मागच्या वर्षीचं पाह्यलं सगळ्यायनं. जिल्ह्यात हसले लोक."

"आता धरता येते मले. सराव केला म्या."

"राहू द्या ना भाऊ. वय झालं. आराम करा."

"आन सोंग? सोंग कुठी राहीन?"

"पंचायतीत. काचेचं कपाट बनवाले टाकलं, आत लाइट. तुमच्या घरी धुरानं काळं पडून राह्यलं ते." गोकुळशेट उठला. "हर्षल येईन चार दिवसांनी, त्याले जराशीक माहिती द्या. आन खांब मातर तुमीच करा बरं. तुमच्यासारखा अनुभवी मानूस नाई गावात."

तो गेल्यावर इंद्रभान आत आला. चूल पेटवायची होती. त्यानं सोंगाच्या बाजूचं खिडकीचं दार उघडलं, धूर जावा म्हणून, आणि मग बराच वेळ चूल पेटवलीच नाही.

खांब त्यानं केला. खांब म्हणजे देवळाच्या कोठीच्या दाराला लागून उभा केलेला बांबूच्या कामट्यांचा पोकळ साचा, वर खळीनं चिकटवलेला कागद आणि त्यावर गेरू. सोंग घेणारा कोठीतून मागच्या बाजूनं आत शिरतो आणि सूर्य बुडायच्या वेळेला कागद फाडून बाहेर पडतो. राक्षस गेली पंधरा वर्षं तुराट्यांचा होता. आधी माणूस असायचा. पण ज्यानं शेवटचं काम केलं तो त्याच पावसाळ्यात वारला, आणि तेव्हापासून गावात राक्षस व्हायला कोणी तयार होत नाही, निवडणुकीचे दिवस सोडले तर. तुराट्यांचा राक्षसही इंद्रभाननंच बांधला. कामट्या तासताना बोटात कूस गेलं. खांबाच्या आत उभं राहून त्यानं उंचीचा अंदाज घेतला. हर्षल त्याच्याहून टीचभर उंच होता, म्हणून साचा टीचभर वाढवला.

हर्षल आला तो भर दुपारी, एकटा, टोपी डोळ्यांवर ओढून. पस्तिशीचा असेल. टीव्हीत गोरा दिसायचा, इथं साधारण दिसत होता. पाया पडला.

"काका, ओळखलं ना?"

"तुले कोन नाई ओळखत, बापा. बस."

इंद्रभाननं खुंटीवरून सोंग काढलं आणि बाजेवर पालथं ठेवलं. आतली बाजू दाखवली. पट्टी काळी पडली होती, तिच्यावर दातांचे खळगे पडले होते. "इथं धरायचं. सोडायचं नाई. श्वास नाकानं. दिसन ते इथून." त्यानं नाकपुड्या दाखवल्या. "उंबऱ्यापरेंत बावीस पावलं. तेराव्या पावलावर फरशी फुटेल हाय, तिथं पाय वरतं घ्या लागते. राक्षस डाव्या हातानं उचलजो, उजव्यानं फाडजो."

"बोलायचं काही नाही?"

"तोंडात पट्टी असते. कसा बोलशीन?"

हर्षल हसला. सोंग उचलून चेहऱ्याला लावलं. इंद्रभान मागून शेला बांधू लागला. दुसरी गाठ बसायच्या आत हर्षलचे हात सुटले, त्यानं सोंग ओढून काढलं आणि भिंतीला टेकून उभा राहिला. तोंडाला फेस आल्यासारखं झालं होतं.

"वास येते का?" इंद्रभाननं विचारलं. "तेलाचा हाय. आन तंबाखूचा. माह्याच तोंडाचा हाय, काय करता."

"वास नाही काका." हर्षल बाजेच्या कडेला बसला. पायाच्या अंगठ्यानं जमीन उकरू लागला. मग त्याची टीव्हीतली भाषा हळूहळू सुटत गेली. "मालिका बंद झाली. दीड वर्ष झालं."

"आमी तं पाह्यतो ना तुले. मोबाईलमधी."

"जुने फोटो टाकतो मी. काम नाई काका. पोरांच्या वाढदिवसाले अस्वल बनून जातो ठाण्याले. कापसाचं अस्वल. डोकं एवढं." त्यानं हात पसरून दाखवलं. "पोरं लाथा मारते, केस ओढते. अस्वलानं बोलायचं नाई, असा नियम हाय. मागच्या महिन्यात आतमधीच चक्कर येऊन पडलो. लोकायले वाटलं, नाच चालू हाय. टाळ्या वाजवल्या त्याहीनं. तवापासून डोकं झाकलं की मले श्वास नाई घेता येत. हेल्मेट नाई घालता येत."

इंद्रभाननं माठातून पाणी आणून दिलं.

"गोकुळशेटले सांग तसं."

"काय सांगू? अस्वल?" हर्षलनं पाणी पिऊन पेला हातातच धरून ठेवला. "माह्या आईनं सगळ्या पाव्हण्यायले बोलावलं. बस थांब्यावर फोटो लागला. काका, तुमीच जा ना आत. कोनाले दिसते? मी सगळ्यांसमोर कोठीत जातो. तुमी आधीच आत बसून राहा. खेळ झाला की परत कोठीत या. मी सोंग हातात घेऊन बाहेर येतो."

अंगणात बनाबाईच्या कोंबड्या कुडाखालून आल्या होत्या. इंद्रभाननं त्यांना हाकललं.

"म्हंजे मी तुहा डुप्लिकेट."

"तसं नोका म्हनू, काका."

"तसंच हाय ते. राग नाई मले." तो परत आला. "नाव तुहं झालं तरी चालन. पन सोंग माह्या घरी परत आलं पाहिजे. कपाटात नाई जाऊ देनार मी."

"माझा शब्द," हर्षल म्हणाला. ते त्यानं टीव्हीतल्या भाषेत म्हटलं.

नरसिंह जयंतीला पहाटेपासून इंद्रभान बोलला नाही. सोंग घेणाऱ्यानं त्या दिवशी मौन धरायचं असतं. कोणी विचारलं तर काय सांगायचं, याची त्याला धास्ती होती, पण दिवसभरात कोणी विचारलं नाही. सोंग कमिटीनं सकाळीच कोठीत आणून ठेवलं होतं. दुपारी तीनलाच तो पाण्याची बाटली घेऊन कोठीत शिरला. खांबाची शेवटची खळ लावायची आहे, असं लोकांना वाटलं. चपला त्यानं कोपऱ्यात, जुन्या घंटेच्या मागं काढून ठेवल्या. कोठीवर पत्रे होते. आत इतकं तापलं होतं की भिंतीला हात लावला तर मागं घ्यावा लागत होता. त्यानं अंगरखा चढवला, कवळी काढून आतल्या सदऱ्याच्या खिशात ठेवली, आणि हिरड्या सोलवटू नयेत म्हणून पट्टीला ओलं फडकं गुंडाळलं.

साडेसहाला हर्षल आला. तसाच दुसरा अंगरखा घालून, जीपमधून, हात हलवत. बाहेर शिट्ट्या, फटाके, 'साहेब, गाडी तयार आहे' असा ओरडा. बाजूच्या दारानं कोठीत शिरून त्यानं आतून कडी लावली. शेला त्यानंच बांधला, इंद्रभान खुणेनं दाखवत होता तशी एकेक गाठ.

"काका, घट्ट झालं का?"

इंद्रभाननं मान हलवली. आता त्याला बोलता येत नव्हतं, दोन्ही कारणांनी.

ताशा कडाडला. त्यानं कागद फाडला.

बाहेरचा उजेड नाकपुड्यांतून दोन नाण्यांएवढा आत आला. पाय आपोआप चालू लागले. पहिली उडी. हिरड्यांत कळ गेली ती थेट कानामागं. पट्टी सुटली नाही. दुसरी उडी, गिरकी, पुन्हा उडी. घाम डोळ्यांत उतरत होता. तोंडात काहीतरी खारट साचत होतं, ते तो गिळत होता. अकरा, बारा, तेराव्याला पाय वर. लोक ओरडत होते, "हर्षल! हर्षल!" उंचीतला टीचभर फरक कोणाच्या लक्षात आला नाही. सगळे मोबाईलमधून पाहत होते आणि मोबाईलमध्ये सगळेच एका मापाचे दिसतात. बावीस. त्यानं राक्षस डाव्या हातानं उचलला, उंबऱ्यावर बसला आणि तुराट्यांचं पोट असं फाडलं की आतला गुलाल पहिल्या चार रांगांवर गेला.

एकेचाळीस वर्षांत एवढं चांगलं कधी झालं नव्हतं. हे त्याला उंबऱ्यावर बसल्या बसल्या समजलं.

मग बाया आल्या. नाकपुड्यांच्या भोकांतून पितळी परात दिसली, तांब्या दिसला, हिरव्या बांगड्यांचे हात दिसले. पहिलं पाणी पडलं. हातानं डावा पाय उचलून परातीत घेतला. अंगठा टाचेवरून फिरला, भेगेत थांबला. पुन्हा फिरला. आत वळलेल्या घोट्याशी येऊन हात राहिला तो राहिलाच. मागच्या बाया ढोसू लागल्या, "आवर ना वं, बनाबाई."

बनाबाईनं मान वर केली नाही. वर पाहायचं नसतं. पदरानं पाय कोरडा करता करता ती परातीतल्या पाण्याशी बोलावं तशी बोलली, "चपला कुठी काढल्या, भाऊजी? अनवाणी नोका जाऊ. डांबर तपेल हाय."

सोंगाच्या आत इंद्रभाननं पट्टी चावून धरली.

कोठीत परतून खांबामागचं दार लावल्यावर सगळं दोन मिनिटांत झालं. गाठी सुटल्या, हर्षलनं सोंग हातात घेतलं, बाटलीतलं उरलेलं पाणी स्वतःच्या डोक्यावर ओतलं. घाम दिसावा म्हणून. पण मग त्यानं इंद्रभानच्या तोंडाकडं पाहिलं आणि थबकला. ओठांवर रक्त होतं, पट्टीवरचं फडकं लाल झालं होतं.

"काका…"

दार बडवलं जात होतं. गोकुळशेटचा आवाज, हारांचा वास, कमिटीची माणसं. इंद्रभाननं अंगरखा भिरकावला, दुपट्टा तोंडावर घेतला आणि मागच्या खिडकीवजा दारातून बाहेर पडला. चपला घंटेमागंच राहिल्या. सडकेवरचं डांबर खरोखरच तापलेलं होतं. तो कडेकडेच्या मातीवरून घरी गेला. मागं लाउडस्पीकरवर हर्षल सांगत होता, "हे सगळं मला इंद्रभानकाकांनी शिकवलं." टाळ्या पडल्या.

सकाळी गोकुळशेट आपणहून आला.

"तुमी आले नाई पाह्याले," तो म्हणाला. "सगळ्यायच्या लक्षात आलं. पोरगं स्टेजवरून तुमचं नाव घेऊन राह्यलं आन तुमी घरी. मन एवढं लहान नोका करू, भाऊ."

इंद्रभानची हिरडी सुजली होती.

"पाह्याले पाहिजे होतं तुमी. काय उड्या घेतल्या पोट्ट्यानं! राग नोका मानू, पन तुमच्याच्यानं असं कधी झालं नाई. टीव्हीवाल्याचं वेगळंच असते."

"सोंग?" इंद्रभाननं विचारलं. शब्द जाड आला.

"लावलं ना कपाटात. हर्षल म्हने काकांच्याच घरी राहू द्या. मोठ्या मनाचं हाय पोरगं. म्या म्हनलं, बापा, तुह्यासारख्या कलावंतानं हाती घेतलेली वस्तू आता गावाची झाली."

हर्षल नंतर आला. गाडी दाराशी चालूच होती. आत त्याची आई बसलेली, शेजारी डबे, लाडू. तो उंबऱ्याच्या बाहेर उभा राहिला आणि भिंतीवरच्या रिकाम्या खुंटीकडं पाहत राहिला. भिंत धुरानं काळी झाली होती, मध्ये सोंगाच्या आकाराचा पांढरा चुना शिल्लक होता.

"बोललो मी काका. दोनदा बोललो. ऐकत नाईत. ऐकवायचं तर सगळंच सांगावं लागतं." त्यानं आवाज खाली आणला. "तुमी म्हना तं सांगतो. आत्ता जाऊन सांगतो."

गाडीतून त्याच्या आईनं हाक मारली. इंद्रभाननं तिच्याकडं पाहिलं. बाईनं नवं लुगडं नेसलं होतं.

"सांगून कोनाले पटन?" तो म्हणाला. "फोटोत चेहरा दिसत नाई. जा तू. अस्वल नोको बनू आता, दुसरं काई पाह्य."

हर्षल पाया पडला आणि गेला.

फलकावर वाहेदभाईनं आणखी एक फोटो वाढवला. कमिटीनंच दिला होता. खांब फोडून बाहेर पडलेला नरसिंह, उडीत, दोन्ही पाय जमिनीपासून हातभर वर, डावा आत वळलेला. खाली नाव हर्षलचं. बाजारच्या दिवशी इंद्रभान थांब्यावर उभा राहून तो पाहत होता, तेव्हा वाहेदभाई शिडीवरून फ्लेक्सची दोरी आवळत होता. त्यानं फोटोकडं पाहिलं, मग खाली इंद्रभानच्या पायाकडं पाहिलं. शिडीवरून उतरला. "भाऊ, चहा पेता?" म्हणाला. या वेळी इंद्रभाननं चहा घेतला. दोघांनी कपबशी रिकामी होईपर्यंत पावसाचा अंदाज काय आहे, यावर बोलणं केलं.

वैशाखी अमावस्येला सकाळी तो जवसाच्या तेलाची बाटली आणि कापूस घेऊन पंचायतीत गेला. कपाटात दिवा लागला होता. काचेतून सोंग छान दिसत होतं. नवीन ऑइलपेंट दिला होता, आतली पट्टी कापून टाकली होती, घाण दिसते म्हणून. उजव्या गालावर, रंगाखाली, केसाएवढी चीर पडायला लागली होती. ती फक्त त्यालाच दिसली असती. शिपाई म्हणाला, किल्ली गोकुळशेटकडं आहे आणि गोकुळशेट बुलढाण्याला लग्नाला गेलेत.

"तेल नाई लावलं तं फुटन ते," इंद्रभान म्हणाला.

"एसी बसवून राह्यले काका, काई नाई होत."

तो घरी आला. दारात चपला होत्या. त्याच्याच, घंटेमागच्या. झाडून, पुसून, जोडीनं ठेवलेल्या. पंधरा दिवस कोठीच्या पत्र्याखाली तापून त्यांचं चामडं लाकडासारखं कडक झालं होतं, पट्टे वर वळले होते. कुडापलीकडं बनाबाई डाळ पाखडत होती. तिनं इकडं पाहिलं नाही.

इंद्रभान उंबऱ्यावर बसला. बाटलीचं बूच काढलं, कापसाचा बोळा तेलात बुडवला, आणि एक चप्पल मांडीवर घेऊन घासू लागला. चामडं तेल पीत गेलं. एकदा लावलं, जिरलं. पुन्हा लावलं.

"काय करून राह्यले, भाऊजी?" सुपाचा आवाज न थांबवता बनाबाईनं विचारलं.

"अमुशा हाय ना आज," तो म्हणाला, आणि दुसरी चप्पल घेतली.